नोकरी सांभाळून शिकणे : नांदेड-लातूरच्या शाळांमधला अनुभव

शाळेत नोकरीला लागलेला माणूस पुन्हा अभ्यासाला बसतो, त्याची कारणे साधारण तीन असतात. नियम मागतो म्हणून, वरची जागा मिळेल म्हणून, किंवा रोजच्या कामात अडते म्हणून. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या तिन्ही कारणांनी शिकणारे शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई गेली तीन-चार दशके दिसत आले आहेत. त्यांच्याबरोबर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा अभ्यासकेंद्रावरचे समंत्रक म्हणून काम केलेल्यांचा अनुभव एका मुद्द्यावर जुळतो. पहिल्या दोन कारणांसाठी अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांची सोय होत गेली. तिसऱ्या कारणाची सोय बहुतेकांना आपली आपणच करावी लागली, आणि शाळा सुधारल्या त्या मुख्यतः या तिसऱ्या शिक्षणाने.

या भागात नोकरी आधी आणि शिक्षण मागाहून ही रीत जुनी आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यानंतर मराठी शाळा वाढू लागल्या आणि शिकवायला माणसे अपुरी पडू लागली. मॅट्रिक झालेला मुलगा गावात मास्तर होई आणि प्रशिक्षणाला नंतर जाई. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. तरी देगलूरच्या किंवा उदगीरच्या शिक्षकाला बी.ए. व्हायचे तर बहिःस्थ म्हणून अर्ज भरायचा, कुणाची तरी जुनी पुस्तके मागून आणायची आणि परीक्षेपुरती रजा काढायची, एवढाच मार्ग होता. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आले. परीक्षेच्या कामासाठी औरंगाबादचा प्रवास वाचला, हा शिकणाऱ्या कर्मचाऱ्याला झालेला पहिला फायदा.

त्याआधी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. नोकरी करणाऱ्यांच्या शिक्षणाला खरा हात दिला तो या विद्यापीठाने. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीला बसता येई. सेवेतील शिक्षकांसाठी दोन वर्षांचा बी.एड., मुख्याध्यापकपदाकडे डोळा असणाऱ्यांसाठी शालेय व्यवस्थापनाची पदविका, ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम हे सगळे तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात चालणाऱ्या अभ्यासकेंद्रामुळे हाताशी आले. संपर्कसत्र रविवारी किंवा सुट्टीत असे. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर इथून पहिल्या एसटीने निघालेले लोक डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे.

अशा वर्गात समंत्रकाच्या लवकरच लक्षात येते की या विद्यार्थ्यांना भीती विषयाची नसते, लिहिण्याची असते. पंधरा वर्षे मुलांना निबंध शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत एक सलग पान लिहिलेले नसते. टाचण वही दरवर्षी मागच्या वहीवरून उतरलेली असते. त्यामुळे गृहपाठही मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरतात. बी.एड.मधल्या कृतिसंशोधनाची गत तर आणखी वाईट. डीटीपीच्या दुकानात तयार अहवाल मिळतो, त्यावर फक्त शाळेचे नाव बदलायचे. ही गोष्ट या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असते, पण ती उघड बोलली जात नाही.

काही अभ्यासकेंद्रांवर यावर साधा उपाय झाला. प्रत्येक उत्तरात स्वतःच्या वर्गातले एक उदाहरण हवे, मुलांच्या वहीतला पुरावा जोडलेला हवा, एवढी एकच अट घातली गेली. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. नंतर लोह्याकडच्या एका शिक्षकाने चौथीच्या मुलांच्या वजाबाकीच्या चुका गोळा करून आणल्या. त्याचा समज होता की मुले हातचा घ्यायला विसरतात. वह्या पाहताना दिसले की बरीच मुले हातच्यापर्यंत पोचतच नाहीत. वरचा अंक असो की खालचा, ती सरळ मोठ्यातून लहान वजा करतात. ५२ मधून २७ वजा केल्यावर त्यांचे उत्तर ३५ येत होते, आणि ते नेहमी तसेच येत होते. मुले निष्काळजी नव्हती, त्यांनी एक चुकीचा नियम मनाशी पक्का केला होता. शिक्षकाने काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून दहाची फोड पुन्हा शिकवली. अहवाल आठ पानांचा झाला आणि त्यात परिभाषा फारशी नव्हती, पण त्या तुकडीत सर्वांत जास्त चर्चा त्याच अहवालाची झाली. बी.एड.चे दोन वर्षांचे श्रम सार्थ झाले असे तो शिक्षक पुढे सांगत असे तो याच एका कामामुळे. बी.एड.मुळे मिळालेली वेतनश्रेणी तो नंतर सांगे.

अभ्यासाचा खर्च म्हटले की आधी फी डोळ्यांसमोर येते. ती बहुतेक जण शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून भरतात आणि हप्ते पगारातून जातात. शिक्षणसेवकांना हे जड जाई. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये मानधन होते आणि तीन वर्षे त्यावर काढायची होती. पुढे ते वाढत जाऊन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी सोळा हजार, माध्यमिकसाठी अठरा हजार आणि उच्च माध्यमिकसाठी वीस हजार झाले.

फीपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे, पण दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी ती मागितली तर पहिली ते चौथी एकाच शिक्षकाच्या अंगावर पडते. बदली माणूस कुठून आणायचा हे कुणी सांगत नाही. त्यामुळे रजा कागदावर राहते आणि अभ्यास रात्री किंवा मे महिन्यात होतो. छात्रसेवाकाल आणि सराव पाठ यांच्या काळात ही ओढाताण शिगेला पोचते. काही केंद्रांत शेजारच्या शाळांनी आपसांत दिवस वाटून घेऊन हा प्रश्न सोडवला. जिथे केंद्रप्रमुखाने ही वाटणी स्वतः लावून दिली, तिथे अभ्यास अर्धवट सोडणारे कमी निघाले.

शिक्षिकांच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी कठीण. घरचा स्वयंपाक उरकून शाळा, शाळेनंतर मुलांचा अभ्यास, मग स्वतःचा. निवासी प्रशिक्षणाला जायचे तर घरी लहान मूल कोण पाहणार, हा प्रश्न पुरुषांना सहसा पडत नाही. संपर्कसत्राला सासूला किंवा आईला सोबत घेऊन येणाऱ्या आणि दुपारच्या सुट्टीत बाळाला पाजून पुन्हा वर्गात बसणाऱ्या शिक्षिका अभ्यासकेंद्राने पाहिल्या आहेत. बसायला एक वेगळी खोली मिळाली तरी त्यांचे अर्धे काम हलके होते. बहुतेक ठिकाणी ती खोली मागितल्याशिवाय मिळाली नाही.

परवानगीचा भाग वेगळाच. नोकरीत असताना अभ्यासक्रमाला बसायचे तर आधी लेखी परवानगी लागते. ती न घेता मिळवलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवताना अडचण येते, आणि नोंद उशिरा झाली की बढतीच्या वेळी ज्येष्ठतेचा वाद उभा राहतो. खाजगी शाळांत १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांवर सगळे बेतलेले असते. सेवाज्येष्ठता यादीत खाली असलेल्याने जास्त शिकलेले वरच्याला आवडत नाही, हाही या कामातला नेहमीचा अनुभव. एका शाळेत तर अर्ज वर्षभर टेबलावरून हललाच नाही, आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत गेली. तेव्हापासून त्या भागातले जाणते शिक्षक नवख्याला पहिला सल्ला देतात तो अभ्यासाचा नसतो. अर्जाची पोच घ्या, असा असतो.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे शिक्षण यापेक्षाही दुर्लक्षित. शाळेत ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात त्या शिपायांत दहावी-बारावी होऊन लागलेले अनेक जण असत. रात्री शाळेतच राहणाऱ्या एका मामाने विज्ञानाच्या खोलीत दिव्याखाली बसून पदवी पूर्ण केली, टंकलेखनाची परीक्षा दिली, एमएस-सीआयटी केले, आणि जागा निघाल्यावर त्याच शाळेत कनिष्ठ लिपिक झाला. अशी उदाहरणे उदगीर, निलंगा, बिलोली, हदगाव कुठेही ऐकायला मिळतात. प्रयोगशाळा परिचर सहायक होतो, अर्धवेळ ग्रंथपाल बी.लिब. करून पूर्णवेळ जागेची वाट पाहतो. शिडी छोटी होती, पण ती दिसत होती. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे पुढे नेमणुकीने भरण्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता देण्याचे ठरले. त्यामुळे या शिडीची सर्वांत खालची पायरीच निघाली. भत्त्यावर काम करणाऱ्या तरुणाला शिकून वर जाण्यासाठी त्या शाळेत जागाच उरली नाही.

लिपिकांच्या कामात तर एका पिढीत सगळेच बदलले. हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि पगारपत्रक हाताने लिहिणाऱ्या माणसासमोर शालार्थ, सरल, यू-डायस प्लस अशा प्रणाली एकामागून एक आल्या. प्रत्येकीचे प्रशिक्षण झाले ते एखाद्या दिवसाचे, मोठ्या सभागृहात, पडद्यावर. परत आल्यावर पहिली अडचण आली की लिपिक फोन करत असे तो शेजारच्या शाळेतल्या लिपिकाला. पुढे तालुक्याच्या लिपिकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट झाले. रात्री दहाला कुणीतरी पडद्याचा फोटो टाकतो आणि दहा मिनिटांत उत्तर येते. या गटांची नोंद कुठल्याही प्रशिक्षण अहवालात नाही. तरी पगार वेळेवर निघाले ते बऱ्याच अंशी यांच्यामुळे. सोबतचा माणूस सर्वांत लवकर शिकवतो, हे प्रशिक्षण आखणाऱ्यांनी लिपिकांकडून शिकण्यासारखे आहे. प्राथमिक शाळांत तर लिपिकच नसतो. पोषण आहाराच्या नोंदींपासून ऑनलाइन माहितीपर्यंत सगळे शिक्षकच करतो, आणि त्याचा शिकण्याचा वेळ आधी तिथे खर्च होतो.

सरकारी प्रशिक्षणाची रचना कागदावर नेटकी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या. लातूर जिल्ह्याची संस्था मुरूडला आहे, नांदेडची नांदेडला. वर पुण्याची राज्य परिषद, खाली गट साधन केंद्र, त्याखाली केंद्र आणि दर महिन्याची शिक्षण परिषद. पुण्यात ठरलेला विषय जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून केंद्राला उतरतो. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचताना जे होते, तेच इथे होते. पाच दिवसांचे मूळ प्रशिक्षण केंद्रावर येईपर्यंत दीड दिवसाचे होते आणि चर्चेची जागा सूचनावाचन घेते. शिक्षण परिषदेतही अर्धा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो. पण जिथे केंद्रप्रमुखाने तक्ते आदल्या दिवशीच मागवून घेतले आणि परिषदेत यजमान शाळेच्या शिक्षकाने मुलांसमोर पाठ घेऊन दाखवला, तिथे लोक सही करून निघून जात नसत.

पाहण्याचा परिणाम २०१५ नंतर ठळक दिसला. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले, मराठवाड्यातूनही गेले. जाण्याचा खर्च अनेकांनी खिशातून केला. परत आल्यावर काही शाळांनी फरशीवर आकृत्या रंगवल्या आणि तेवढ्यावरच थांबल्या. काहींनी मात्र नीट पाहिले होते. फरशीवर काय रंगवले यापेक्षा मुले एकमेकांना काय विचारतात आणि शिक्षक किती वेळ गप्प राहतो हे त्यांनी टिपून आणले होते. वर्षभराने फरशीचा रंग दोन्हीकडे उडाला. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत गटात बसून काम करण्याची सवय टिकली. भेटीला जाण्याआधी काय पाहायचे हे ठरवून गेलेल्या गटांनाच भेटीचा उपयोग झाला, हा त्यातला धडा.

काही गरजा अशा आहेत की त्यांच्यासाठी अभ्यासक्रमच नव्हता. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड आणि कोलाम मुले घरी गोंडी, कोलामी बोलतात. तांड्यांवर बंजारा बोली. देगलूर, बिलोली, धर्माबादला तेलुगू. उदगीर, देवणीकडे कन्नड. लातूरकडून बदली होऊन किनवटला गेलेला शिक्षक पहिलीच्या वर्गात उभा राहतो तेव्हा मुले त्याचे ऐकून घेतात, पण उत्तर देत नाहीत. काही महिने त्याला मुले ‘मागे’ वाटतात. मग कुणीतरी चौथीतल्या मुलीला मधे घालते, तिच्याकडून शब्द लिहून घेते, भिंतीवर बोलीतला शब्द आणि पाठ्यपुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी लागतात. सहा-आठ महिन्यांत वर्ग बोलू लागतो. अशा शब्दसूची शिक्षकांनी जागोजागी केल्या. मात्र शिक्षकाची बदली झाली की वही त्याच्याबरोबर जाते आणि नव्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शाळेच्या दप्तरात ठेवायची शैक्षणिक सामग्री म्हणून अशा वह्यांची नोंद झाली असती, तर एका माणसाचे शिकणे शाळेचे झाले असते.

ऑनलाइन प्रशिक्षणाने चित्र आणखी बदलले. दीक्षा हे व्यासपीठ २०१७ साली आले, निष्ठा प्रशिक्षण २०१९ साली सुरू झाले, आणि २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर सगळेच मोबाइलवर आले. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी यांसाठी लागणारे प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन झाले. डोंगराळ भागात शिक्षक नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसत. स्पष्टच सांगायचे तर अनेक घरांत चित्रफीत एकीकडे चालू असे, शिक्षक दुसरीकडे कामात असत आणि शेवटची प्रश्नावली मुलगा किंवा मुलगी सोडवून देई. प्रमाणपत्र मात्र सर्वांना सारखेच मिळे. तरीही ही सोय वाया गेली असे म्हणता येत नाही. निवासी प्रशिक्षण टाळावे लागणाऱ्या शिक्षिकांना पहिल्यांदाच चांगल्या व्याख्यात्यांना घरबसल्या ऐकता आले, आणि न समजलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकता आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास मोजणे सोपे आहे. त्या तासांनंतर वर्गात काय बदलले हे विचारायला कुणीतरी शाळेत जावे लागते.

नियमाने शिकायला लावण्याचा सर्वांत मोठा प्रसंग अलीकडचा. शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून होत आली, पण आधीपासून सेवेत असलेले स्वतःला तिच्याबाहेर समजत. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बदलले. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, आणि त्याहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीत राहता येईल पण परीक्षेशिवाय बढती मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दीडशे गुणांचा पेपर, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के, राखीव प्रवर्गांना सवलत. वीस-पंचवीस वर्षे पहिली-दुसरी शिकवलेल्या शिक्षकाला बालमानसशास्त्राचे तंत्रशुद्ध प्रश्न आणि वेळ लावून सोडवायचे गणित यांची धास्ती वाटते. काहींना हा अपमान वाटला, काहींनी मुकाट्याने पुस्तके आणली. एकाच घरात मुलगी भरतीसाठी आणि वडील नोकरी टिकवण्यासाठी तोच पेपर सोडवत आहेत, हे दृश्य दोन्ही जिल्ह्यांत नवे राहिलेले नाही.

या सगळ्यात एक विसंगती नांदेड-लातूरच्या माणसाला विशेष जाणवते. अभ्यास कसा करून घ्यावा हे या भागाला चांगले ठाऊक आहे. लातूर पॅटर्न राज्यभर गाजला तो ठरलेले वेळापत्रक, जादा तास, सतत सराव चाचण्या, चुकलेल्या प्रश्नाची लगेच उजळणी आणि जवळ बसून शंका सोडवणारा शिक्षक यांच्या बळावर. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या शिकवण्यांभोवती खानावळी, वसतिगृहे, रात्रभर उघड्या अभ्यासिका अशी पूर्ण व्यवस्था उभी आहे. ती सतरा वर्षांच्या मुलासाठी आहे. त्याच्या शाळेतला पंचेचाळीस वर्षांचा शिक्षक किंवा लिपिक परीक्षेला बसतो तेव्हा त्याला यातले काहीच मिळत नाही. परिपत्रक आणि शेवटची तारीख एवढेच मिळते. ज्या गावांत चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी मिळून रविवारचा गट लावला, जुने प्रश्न सोडवले आणि गणित कच्चे असलेल्याला गणिताच्या सहकाऱ्याने शिकवले, तिथे धास्ती लवकर ओसरली. पॅटर्न तोच होता, फक्त शिकणाऱ्याचे वय बदलले होते.

शाळेला यासाठी फार मोठा निधी लागत नाही. परवानगीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली निघावा आणि पदवीची नोंद त्याच वर्षी सेवापुस्तकात व्हावी. सराव पाठ व परीक्षांच्या दिवसांचे वेळापत्रक केंद्राने आधीच लावून बदली माणसाची सोय करावी. शिकत असलेल्याने महिन्यातून एकदा आपल्या अभ्यासातले एक काम सहकाऱ्यांसमोर मांडावे, आणि त्यात शिपाई, लिपिक, ग्रंथपालही बसावेत. बदलून जाणाऱ्याच्या शब्दसूची, चुकांच्या नोंदी आणि तयार केलेले साहित्य शाळेत राहावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयाची खोली कर्मचाऱ्यांसाठी उघडी ठेवावी. ज्या शाळांनी यातले दोन-तीन नियम जरी पाळले, तिथे नियमासाठी सुरू झालेला अभ्यासही पुढे वर्गाच्या आणि कार्यालयाच्या कामाला आला. जिथे काहीच पाळले गेले नाही, तिथे पदव्या वाढल्या आणि कामाची पद्धत होती तशीच राहिली.